गच्चीवरची लाली



कोलार रोडवरच्या आपल्या गच्चीतून ११ मे २०२४ च्या पहाटे ध्रुवीय प्रकाश दिसला, असे एका वाचकांनी गेल्या अंकात कळवले आहे. सोबत मोबाइलवरचा फोटो. मीही कोलार रोडचाच. बातमी वाचून दुसऱ्या रात्री पाण्याच्या टाकीला टेकून दोन तास उभा राहिलो. भेटले ते डास!

ध्रुवीय प्रकाश इथून दिसलाच तर उत्तरेला दिसणार, आणि आमच्या उत्तरेला अख्खे भोपाळ पसरले आहे. शहराच्या दिव्यांची तांबूस झाक तिकडे बारा महिने असते, आणि मोबाइलचा नाइट मोड तिला आणखी रंग चढवतो. त्याच रात्री लडाखमध्ये हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी ध्रुवीय प्रकाशाची लाली टिपली खरी. पण साडेचार हजार मीटर उंचीवरून, काळ्याकुट्ट आकाशात, तीही क्षितिजालगतच. भोपाळ त्याच्या साडेनऊ अंश दक्षिणेला आहे.

मात्र ‘मैदानी भारतातून हे कधीच शक्य नाही’ असे ठोकून देणाऱ्यांचेही मला पटत नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या सौर वादळात थेट मुंबईहून हा प्रकाश दिसल्याची नोंद आहे. ऑक्सिजनची तांबडी प्रभा दोनशे किलोमीटरच्याही वर असते, म्हणून ती फार दुरूनही डोकावते. तेव्हा मुंबईत विजेचे दिवे नव्हते, हेही खरे.

पत्रलेखकांना विनंती : एखाद्या साध्या रात्री त्याच गच्चीतून, त्याच दिशेला पुन्हा फोटो काढा आणि दोन्ही शेजारी-शेजारी छापायला पाठवा.

— एक वाचक, कोलार रोड, भोपाळ