बिदागी की भीक?

सांगवी परिसरातील शेतकऱ्याचा ऊस माळेगावच्या सहकारी कारखान्यात जातो. काट्यावर वजन होते, पावती मिळते आणि टनामागे ठरलेल्या भावाने सभासदाच्या खात्यावर पैसे जमा होतात. भाव कमी निघाला तर हाच सभासद वार्षिक सभेत उभा राहून संचालकांना जाब विचारतो. या पैशाला कारखान्याने केलेले दान असे कोणी म्हणत नाही. दाम आणि दान यांतील भेद नीराकाठच्या शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. परंतु गावच्या जत्रेत एखादा अंध गायक पेटी घेऊन बसला, दोन तास गायला आणि लोकांनी त्याच्यापुढे नोटा ठेवल्या, की हा भेद एकाएकी विसरला जातो. डोळस गवयाला दिली जाते ती बिदागी. अंधाला दिली जाते ती मदत. गाणे तेच असते, श्रमही तेच असतात.

हा केवळ मनोवृत्तीचा प्रश्न नाही. कायद्यानेही हीच वृत्ती जोपासली आहे. मुंबई राज्यात १९५९ साली झालेल्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याने भीक मागण्याची व्याख्या करताना गाणे, नाचणे, खेळ करून दाखविणे किंवा वस्तू विकावयास मांडणे यांच्या मिषाने सार्वजनिक जागी पैसे मागणेही तीत घातले. पकडलेली व्यक्ती अंध, पंगू अथवा कायमची असहाय असेल तर तिला अनिश्चित काळपर्यंत डांबून ठेवण्याची तरतूदही त्याच कायद्यात केली. दिल्लीत हाच कायदा लागू होता. तेथील उच्च न्यायालयाने २०१८ साली भीक मागणे हा गुन्हा ठरविणारी त्यातील कलमे घटनाबाह्य ठरविली. कलावंत कोण आणि भिकारी कोण, हे पोलिसाच्या मर्जीवर सोडणाऱ्या कायद्याचा पहिला बळी अपंग कलावंतच होणार, हे उघड आहे.

अलीकडे एक नवी वाट खुली झाली आहे. घराबाहेर पडणे ज्यांना कठीण आहे असे चित्रकार, लेखक, गायक मोबाइलच्या साह्याने आपले काम थेट रसिकांपुढे ठेवू लागले आहेत. दरमहा थोडी थोडी रक्कम देणारे पाठीराखे त्यांना मिळतात. कलावंत त्यांना नव्या कामाचे वृत्त कळवितो आणि अपंगत्वाच्या आतून जग कसे दिसते तेही सांगतो. कोणा धनिकाच्या हस्ते धनादेश स्वीकारतानाचे छायाचित्र काढून घेण्याची नामुष्की येथे नाही. ही वाट स्वागतार्ह आहे यात शंका नाही.

तथापि तिच्यात दोन धोके आहेत. पहिला असा की, कलेपेक्षा व्यथेलाच अधिक गिऱ्हाईक मिळते. १९८१ साली अपघातानंतर पाय गमावलेल्या सुधा चंद्रन कृत्रिम ‘जयपूर फूट’ बसवून १९८४ साली पुन्हा रंगमंचावर नाचल्या. त्यांच्या जीवनावर ‘मयूरी’ हा चित्रपट निघाला. परंतु त्या पायाचे कौतुक करणाऱ्यांपैकी भरतनाट्यमची त्यांची तालीम जाणणारे किती असतील? दुसरा धोका अधिक कठोर आहे. दुखणे वाढले की काम थांबते, काम थांबले की वृत्त थांबते आणि वृत्त थांबले की पाठीराखे पांगतात. ज्या महिन्यात पैशाची गरज सर्वांत अधिक, त्याच महिन्यात तो आटतो.

म्हणूनच पाठीराख्यांची वर्गणी हा शासनाच्या जबाबदारीला पर्याय होऊ शकत नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचे २९ वे कलम अपंग कलावंत व लेखक यांना सोयी, साह्य आणि आश्रय देण्याचे कर्तव्य शासनावर टाकते. व्यवहार मात्र उलट आहे. संजय गांधी निराधार योजनेखाली अपंगांचे मासिक साह्य २०२५ साली अडीच हजार रुपये करण्यात आले. परंतु या योजनेने अपंगांच्या कुटुंबासाठी घातलेली उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजारांची, म्हणजे महिन्याला ४,१६६ रुपयांची आहे. चित्रे विकून एखाद्याने महिन्याला पाच हजार मिळविले, तर या नियमाने त्याचा साह्यावरील हक्क जातो. पुढच्या महिन्यात चित्र विकले गेले नाही तर काय, याचे उत्तर नियमात नाही. कमावू नकोस, असहाय राहा, म्हणजे पोसू, असाच या व्यवस्थेचा संदेश आहे. ‘अपंग’ शब्द जाऊन ‘दिव्यांग’ आला; मर्यादेचा आकडा बदलल्याखेरीज या नामांतराने पोट भरत नाही.

परावलंबी माणूस स्वतंत्र कलावंत कसा, अशी शंका काहीजण घेतात. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेलेल्या गुलाबराव महाराजांनी (१८८१-१९१५) शंभरावर ग्रंथ रचले, ते लेखनिकांच्या हातांनी. त्यामुळे ते ग्रंथ लेखनिकांचे ठरले नाहीत. नाटककारालाही नट लागतात, कवीला छापखाना लागतो. अपंग कलावंताचे अवलंबन तेवढे उघड्यावर दिसते, इतकेच.

यावरील मार्ग सहकाराच्या भूमीत राहणाऱ्यांना परका वाटू नये. बाबा आमट्यांनी १९४९ साली स्थापन केलेल्या आनंदवनाने दानाऐवजी श्रमाला प्रतिष्ठा दिली आणि पुढे तेथील ‘स्वरानंदवन’ वाद्यवृंदाने अपंग कलावंतांना रंगमंच दिला. पोलिओने हात निकामी झालेले जर्मन चित्रकार एरिक स्टेगमन यांनी गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात तोंडाने व पायाने चित्रे काढणाऱ्यांची संघटना उभारली. तिची शाखा मुंबईतही आहे. शुभेच्छापत्रे व दिनदर्शिका यांच्या विक्रीवर ती चालते आणि पूर्ण सभासदाला पुढे चित्रे काढणे अशक्य झाले तरी त्याचे वेतन बंद करीत नाही. सभासद एकत्र आले की आजारपणाचा भार एकट्यावर पडत नाही, हे तत्त्व उसाला लागू पडते तसे चित्रालाही पडते.

कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी आरंभ करावा. जत्रा समितीच्या हिशेबात अपंग कलावंताची रक्कम ‘मदत’ या सदराखाली नव्हे, ‘बिदागी’ म्हणून लिहिली जावी आणि ती इतरांच्या बरोबरीची असावी. व्यासपीठाला पायऱ्यांबरोबर उतारही असावा. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील अपंगांसाठी राखावयाचा ५ टक्के निधी कोठे खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारावे. त्यातून वाद्ये व साधने मागावीत. कलेच्या अनिश्चित मिळकतीमुळे निराधार साह्य तुटू नये, अशी मागणी तालुक्यापासून विधिमंडळापर्यंत न्यावी. आणि जे पाठीराखे आहेत त्यांनी कलावंत आजारी पडला त्या महिन्यातही वर्गणी चालू ठेवावी. उसाच्या लागणीपासून तोडणीपर्यंत वर्ष-दीड वर्ष वाट पाहणाऱ्या गावाला एवढा धीर अवघड नाही.