१५ मिलिमीटरची हौस

नवी गाडी पहिल्या महिन्यात आवडते आणि दुसऱ्या महिन्यात तिच्यात काहीतरी कमी आहे असं वाटायला लागतं. माझंही तेच झालं. २०१७ सालची सेकंडहँड ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २३० पीएस, कर्ज फिटायला अजून तीन वर्षं. खरं तर गाडीत काहीच कमी नव्हतं. पण पार्किंगमध्ये मागून बघितलं की चाकं आत गेल्यासारखी दिसायची. एक मित्र म्हणाला, "अरे, छाती पैलवानाची आणि पाय काडीचे!" झालं, किडा डोक्यात शिरला.

यावरचा स्वस्त उपाय म्हणजे स्पेसर. हब आणि चाक यांच्यामध्ये बसवायची अॅल्युमिनियमची चकती. सस्पेन्शनला हात लावायचा नाही, चाकं बदलायची नाहीत, तासाभरात चाक बाहेर. मी चारही बाजूंना १५ मिलिमीटरचे लावून घेतले. दुकानदार म्हणाला, "साहेब, लूक पण आणि कॉर्नरिंग पण!" लूक आला हे खरं. कॉर्नरिंगबद्दल मात्र थोडं गणित करू.

वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती जाईल हे गाडीचं वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर यावर ठरतं. हे अंतर साधारण दीड मीटर. दोन्ही बाजू मिळून ३० मिलिमीटर वाढलं म्हणजे फायदा दोन टक्क्यांचा. स्प्रिंग तेच, डँपर तेच, अँटी-रोल बार तोच आणि मुख्य म्हणजे टायरही तेच. रोज हिंजवडीच्या सिग्नलला पाऊण तास उभ्या राहणाऱ्या माणसाला हे दोन टक्के कुठे सापडणार?

बरं, हे दोन टक्के फुकट नाहीत. पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं, ती रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर टायरच्या मध्यापासून ती थोड्याच अंतरावर पडते. या अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात. ते किती ठेवायचं आणि मध्याच्या कुठल्या बाजूला, हे डिझाइन करणाऱ्यांनी विचार करून ठरवलेलं असतं. ब्रेक मारताना एका बाजूचं चाक ओल्या मातीवर असलं तर स्टिअरिंग किती ओढलं जाईल हे त्यावर ठरतं. आपण चाक १५ मिलिमीटर बाहेर ढकलतो तेव्हा हा आकडा तेवढाच सरकतो. शिवाय व्हील बेअरिंगवर पडणाऱ्या जोराची तरफ लांब होते. कोणाच्या तरी कोडमधला एक कॉन्स्टंट बदलायचा आणि तो आणखी कुठे कुठे वापरलाय हे बघायचंच नाही, असा हा प्रकार. ऑफिसात कोणी असं केलं तर आपण त्याचा रिव्ह्यू पास करू का?

हे शहाणपण मला नंतर आलं. आधी आई-बाबा, ताई आणि भाचा यांना घेऊन महाबळेश्वरला निघालो. हायवेला नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. बाबा म्हणाले, "हवा बघितलीस का रे?" मी म्हटलं, "रस्ता खराब आहे." पसरणी घाट चढताना खड्ड्यात गाडी दबली की मागून घर्रर्र आवाज यायचा. पाच माणसं आणि सामान असताना टायर आतल्या प्लॅस्टिकला घासत होता. जी मोकळी जागा मला 'गॅप' म्हणून खुपत होती, ती चाकाला वर जायला ठेवलेली होती!

परत येताना वाईला एका टायरच्या दुकानात थांबलो. तिथल्या काकांनी पान्याने बोल्ट सैल केला आणि हाताने फिरवायला लागले. एक, दोन, तीन... पाचव्या फेरीला बोल्ट हातात. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कंपनीचे बोल्ट हायेत का?" स्पेसर १५ चा, पण दुकानदाराने दिलेले बोल्ट तेवढे लांब नव्हते. चौदा मिलिमीटर जाडीच्या बोल्टला निदान सात-आठ फेऱ्यांची पकड हवी. वर स्पेसरचं मधलं भोक हबवर नीट बसत नव्हतं, थरथर त्याचीच. मागच्या सीटवर भाचा झोपला होता. मी काही बोललो नाही. डिकीतून जुने बोल्ट काढून दिले.

आता कोणी म्हणेल, ही चूक दुकानदाराची, स्पेसरची नाही. मान्य. हबवर अचूक बसणारा स्पेसर, योग्य लांबीचे आणि योग्य बैठकीचे बोल्ट, टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटर आणि थोडं अंतर चालवून पुन्हा तपासणी, एवढं केलं तर चाक निखळत नाही. पोर्शेने स्वतः ५ मिलिमीटरचे स्पेसर अधिकृत अॅक्सेसरी म्हणून विकले आहेत. मोठे ब्रेक कॅलिपर बसवल्यावर चाक घासू नये म्हणून पातळ स्पेसर लावणंही समजण्यासारखं आहे. पण या सगळ्यात आधी काहीतरी ठरलेलं असतं आणि स्पेसर त्याला जुळवून घ्यायला येतो. स्टॉक सस्पेन्शनवर नुसता स्पेसर लावणाऱ्याकडे सोडवायला प्रश्नच नसतो, फक्त मागून बघणारा मित्र असतो.

कायद्याचंही एकदा बघून घ्या. गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. अपघात झालाच तर विमा कंपनीच्या माणसाला कॉर्नरिंगचे दोन टक्के कसे समजावणार?

पैसे खर्च करायचेच असतील तर चांगले टायर घ्या, व्हील अलाइनमेंट करा, ब्रेक पॅड आणि ब्रेक फ्लुइड बदला. यातलं काहीच पार्किंगमध्ये दिसत नाही, पण घाटात कळतं.

माझे स्पेसर सध्या कपाटावर पडून आहेत. आईने त्यातल्या एकावर मनी प्लांटची कुंडी ठेवलीय. तिथे मात्र ते अगदी हब-सेंट्रिक बसलेत.