कृषी विद्यापीठात शेतकऱ्याला मत का नाही?



अकोल्याचे कृषी विद्यापीठ कोणी दान दिलेले नाही. १९६८ साली सरकारने राज्याचे कृषी विद्यापीठ राहुरीला काढले. त्याआधीच, १९६७ मध्ये, विद्यापीठ वऱ्हाडात हवे म्हणून अकोल्यात आंदोलन पेटले होते. जांबुवंतराव धोटे त्यात पुढे होते. माणसांचे जीव गेले. त्यानंतर २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला वेगळे विद्यापीठ झाले आणि त्याला पापळच्या पंजाबराव देशमुखांचे नाव मिळाले. रक्त सांडून मिळवलेल्या या संस्थेच्या कारभारात आज आपला शब्द कुठे आहे, हे आम्ही विचारतो आहोत.

आधी रचना समजून घेऊ, कारण ती मुद्दाम कोणी सांगत नाही. देशातली साधी विद्यापीठे १९५६ च्या कायद्याने झालेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाकडे बघतात. शेतीचे शिक्षण मात्र घटनेत शेतीबरोबर राज्याच्या यादीत आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने बाकीचे शिक्षण केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत गेले. शेतीचे राज्याकडेच राहिले. अभ्यासक्रम ठरतो दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत. ही परिषद कायद्याने झालेली नाही, १९२९ साली नोंदवलेली सोसायटी आहे. तिच्या हातात मान्यता आणि अनुदान आहे आणि तेवढ्यावर तिचे चालते. पगाराचा पैसा मुंबईचे कृषी खाते देते. चार विद्यापीठांचा समन्वय पुण्याची कृषी परिषद करते. कुलपती राज्यपाल, प्रतिकुलपती कृषिमंत्री. एवढ्या मालकांच्या गर्दीत ज्याच्या नावाने सगळे चालते तो शेतकरी कुठे उभा आहे? शिवारफेरीला, मांडवाच्या कडेला, माहितीपत्रक हातात घेऊन.

आता अमरावती विद्यापीठाकडे बघा. ते १९८३ चे. तिथे अधिसभा आहे. पदवीधर मतदान करतात, आपले प्रतिनिधी पाठवतात, ते अंदाजपत्रकावर प्रश्न विचारतात. त्या निवडणुकांत राजकारण होते हे आम्हाला माहीत आहे. पण प्रश्न विचारायला दार तरी आहे. कृषी विद्यापीठे १९८३ च्याच वेगळ्या कायद्याने चालतात. तिथे कार्यकारी परिषद आहे आणि तिच्यावर प्रगतिशील शेतकरीही असतात, पण ते नेमणुकीने येतात. त्यांना कोणा शेतकऱ्याने मत दिलेले नसते, म्हणून कोणा शेतकऱ्याला जाब द्यावा लागत नाही. त्यातले काही चांगले असतात. पण ज्याने नेमले त्याच्याकडेच नेमलेला माणूस बघतो.

कृषी विद्यापीठाची कल्पना अमेरिकेतून आली. १८६२ च्या कायद्याने तिथे जमीन देऊन विद्यापीठे निघाली. आपल्याकडे राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्ये ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली आणि १९६० मध्ये पंतनगरला पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले. शिक्षण, संशोधन आणि विस्तार एका छपराखाली, हा त्याचा गाभा. आपण पहिले दोन घेतले. विस्ताराचे खाते विद्यापीठात आहे, पण गावात फिरणारा कृषी सहायक सरकारी कृषी खात्याचा. त्याच्याकडे योजनांचे अर्ज, पंचनामे आणि उद्दिष्टे. शास्त्रज्ञाला शेत कळत नाही आणि सहायकाला शास्त्र विचारायला सवड नाही.

याची किंमत कपाशीत मोजा. अकोल्याच्या पीकेव्ही हायब्रीड-२ ने आपल्या कोरडवाहू जमिनीत नाव कमावले होते. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत दुकानातली सगळी मांडणी खाजगी कंपन्यांच्या पाकिटांनी भरली. विद्यापीठाचे वाण त्याच वेळी बीटीत आले असते, तर शेतकऱ्याला निवड राहिली असती. ते फार उशिरा आले. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी पोखरली तेव्हा आपल्या हातात दुसरे काय होते? संशोधनाचा क्रम कोण लावतो, हा प्रश्न असा थेट बोंडापर्यंत येतो.

दुसरे उदाहरण खारपाणपट्ट्याचे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाण्याची शेकडो गावे खाऱ्या पाण्यावर बसली आहेत. विहीर आहे, पाणी आहे, ओलीत करता येत नाही. केले तर काळी जमीन चोपण होते. आम्ही स्वतः शेतकीची पदवी घेतलेली माणसे. या पाण्याचे क्षार आम्ही प्रयोगशाळेत मोजले, परीक्षेत लिहिले, गुणही मिळवले. पण ते पाणी ज्याच्या विहिरीत आहे त्याच्या ओसरीवर बसून त्याचे गणित आम्ही संघटनेत आल्यावर ऐकले. आता पदवीच्या मुलांना गावात राहायला पाठवतात. मुले चौकात रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, सरपंचांबरोबर फोटो काढतात. मुले गुणी आहेत. ७/१२ वाल्या घरातल्या मुलाला प्रवेशात जादा गुणही मिळतात. पण शिकून तो स्पर्धा परीक्षेच्या वर्गात बसतो, कारण विद्यापीठातली मंजूर पदे मोठ्या संख्येने रिकामी आहेत आणि बापाच्या शेतीत परतावे असा भाव नाही. भावाबद्दल आपण दर बैठकीत बोलतो, इथे पुन्हा नको.

विद्यापीठाच्या कक्षेत विदर्भाचे अकराही जिल्हे येतात. भंडाऱ्याचा धान आणि अकोटचा कापूस एकाच टेबलावर. म्हणून आमचे म्हणणे असे: १९८३ च्या कायद्यात दुरुस्ती करून प्रत्येक जिल्ह्यातून ७/१२ धारकांनी आणि शेतमजुरांनी निवडलेला एक प्रतिनिधी कार्यकारी परिषदेवर घ्यावा, आणि संशोधनाचा वार्षिक क्रम मंजुरीपूर्वी त्यांच्यापुढे ठेवावा. बायका शेतात निम्म्याहून जास्त राबतात, तेव्हा जागांचाही तसाच हिशेब व्हावा.

हा ठराव आम्ही जिल्हा बैठकीत मांडणार आहोत. येताना प्रत्येक तालुक्याने आपल्या शिवारातला एकच प्रश्न लिहून आणावा, ज्याचे उत्तर विद्यापीठाकडून कधी मिळाले नाही. दर्यापूर आणि मूर्तिजापूरच्या मंडळींनी विहिरीच्या पाण्याची बाटली सोबत आणावी.