फोन ज्याचा, हक्क त्याचा

‘संचार साथी’ हे सरकारी ॲप फोनमध्ये सक्तीने बसवण्याचा आदेश केंद्रीय दूरसंचार विभागाने ३ डिसेंबर २०२५ रोजी मागे घेतला आणि अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आम्हाला तो टाकवत नाही. माघार घेताना सरकारने जे कारण दिले, ते त्या आदेशाइतकेच काळजीचे आहे. नागरिकाच्या फोनमध्ये त्याला न विचारता काही बसवणे गैर होते, असे सरकार कुठेही म्हणालेले नाही. ॲपला प्रतिसाद वाढतो आहे, एका दिवसात सहा लाख लोकांनी नोंदणी केली, म्हणून आता सक्तीची गरज उरली नाही, एवढेच सरकारचे म्हणणे आहे. म्हणजे प्रतिसाद ओसरला की गरज पुन्हा निर्माण होणार. कागद मागे गेला. असा कागद काढायचा आपल्याला अधिकार आहे, ही समजूत जागची हललेली नाही.

तो कागद काय सांगत होता, हे विसरून चालणार नाही. २८ नोव्हेंबरच्या आदेशाने फोन बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांना ९० दिवस दिले होते. तेवढ्यात प्रत्येक नव्या फोनमध्ये हे ॲप आधीपासून असायला हवे, दुकानांपर्यंत पोहोचलेल्या फोनमध्ये ते अपडेटमधून घालावे, फोन पहिल्यांदा चालू करताना ते ठळक दिसावे आणि त्याची कोणतीही सुविधा बंद किंवा मर्यादित करता येऊ नये. १२० दिवसांत पूर्ततेचा अहवाल द्यावा. आदेश गेला कंपन्यांकडे. ज्यांच्या खिशातल्या वस्तूविषयी तो होता, त्यांना तो कळला बातमीतून. गदारोळ उठल्यावर २ डिसेंबरला दळणवळण मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी सांगितले की, ॲप ऐच्छिक आहे, नको असेल त्याने काढून टाकावे. नंतर लोकसभेत त्यांनी पाळत ठेवणे शक्यच नाही, अशीही ग्वाही दिली. मंत्र्यांच्या हेतूवर आम्हाला वाद घालायचा नाही. पण ग्राहकाला ॲप काढून टाकता येईल, असे त्या आदेशात कुठेही लिहिलेले नव्हते. तोंडी आश्वासन एक आणि सहीशिक्क्याचा कागद दुसरेच सांगतो, तेव्हा कंपन्या कागद पाळतात. मंत्री बदलतात, कागद फायलीत राहतो.

संमती या गोष्टीबद्दल दिल्लीत बसून बोलणे सोपे असते. तालुक्याच्या बाजारपेठेतल्या कोणत्याही मोबाइलच्या दुकानात तासभर उभे राहून बघावे. दहा-बारा हजारांचा फोन घ्यायला आलेल्या माणसाच्या हाती तो चालू होऊनच येतो. काउंटरवरचा मुलगा खोक्याचे प्लॅस्टिक फाडतो, सिम सरकवतो आणि पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला अंगठ्याने उत्तर देत सुटतो. नेक्स्ट, अलाऊ, अलाऊ, ॲक्सेप्ट. जीमेलचे खाते तोच उघडून देतो, पासवर्ड खोक्याच्या झाकणावर पेनाने लिहून ठेवतो. ग्राहक तोवर कव्हरचा रंग पाहत असतो, टेम्पर्ड ग्लासच्या भावावरून घासाघीस करत असतो. या देशातले कोट्यवधी फोन असे सुरू होतात. पहिल्या वापरावेळी ठळक दिसणारे सरकारी ॲप या माणसाने स्वेच्छेने स्वीकारले, असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

आणि नंतर कळले, नकोसे झाले, तरी काढायचे कसे? आपण स्वतः उतरवून घेतलेले ॲप बोट दाबून ठेवले की निघते. फोनबरोबर आलेले ॲप बहुतेक वेळा फोनच्या सिस्टिम विभागात बसवलेले असते. सेटिंग्ज उघडून पाहिले तर ‘अनइन्स्टॉल’च्या जागी ‘डिसेबल’ दिसते आणि कित्येक ॲपच्या बाबतीत तेही बटण करड्या रंगाचे, दाबले तरी न दबणारे. जाणकार मुले फोन संगणकाला जोडतात, डेव्हलपर ऑप्शन्स चालू करतात आणि एडीबी नावाच्या साधनातून आज्ञा देऊन असली ॲप उडवतात. तरी ती मुळासकट जात नाहीत. फोन फॅक्टरी रीसेट केला की पुन्हा हजर. अशा ॲपना परवानग्याही कारखान्यातच बहाल करून ठेवता येतात. ‘संचार साथी’ अँड्रॉइडवर कॉल आणि एसएमएसच्या नोंदी, कॅमेरा, फोटो, फायली यांची परवानगी मागते. आज ती कामापुरतीच आहे, असे धरून चालू. उद्याच्या अपडेटमध्ये त्या ॲपचे काम काय असेल, हे फोनच्या मालकाला कोण विचारणार आहे? विकत घेतलेल्या घराच्या एका खोलीत सरकारने नेमलेला पोटभाडेकरू राहील, तो सज्जन आहे आणि त्याला बाहेर काढता येणार नाही, असे कोणी सांगितले तर आपण ऐकून घेणार नाही. फोनच्या बाबतीत का ऐकायचे?

ही सेवा उपयोगाची आहे, याबद्दल दुमत नाही. चोरीला गेलेल्या फोनचा आयएमईआय क्रमांक बंद करण्याची व्यवस्था २०१९ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली ती आपल्या महाराष्ट्रातच. २०२३ मध्ये ‘संचार साथी’चे संकेतस्थळ आले. हरवलेल्या फोनची नोंद, आपल्या नावावर किती सिम चालू आहेत याची तपासणी, संशयास्पद कॉलची तक्रार या गोष्टी त्या संकेतस्थळावर आजही होतात. ॲप आले त्यानंतर, जानेवारी २०२५ मध्ये. चाळीस लाखांहून अधिक फोन बंद केल्याचा सरकारचा जो आकडा आहे, तो एकाही फोनमध्ये सक्ती न करता गाठलेला आहे. आयएमईआय बघायला तर ॲपही लागत नाही. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबले की क्रमांक पडद्यावर येतो. सक्तीशिवाय जे उत्तम चालले आहे, त्याला सक्ती जोडण्याचे पटणारे कारण सरकारने अजूनही दिलेले नाही.

फसवणूक रोखायची आहे, हे उत्तर पुरेसे नाही. २०२४ या एका वर्षात सायबर भामट्यांनी देशातल्या नागरिकांचे २२ हजार ८४५ कोटी रुपये लुबाडले, हे सरकारनेच संसदेत सांगितले आहे. ‘डिजिटल अरेस्ट’च्या भीतीने निवृत्त माणसे आयुष्यभराची पुंजी गमावून बसली आणि या प्रकरणांचा तपास सर्वोच्च न्यायालयाला १ डिसेंबरला सीबीआयकडे सोपवावा लागला. या घरांचे दुःख आम्ही जाणतो. पण हा पैसा जातो तो भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांतून. ती खाती बँकांनी उघडून दिलेली असतात, केवायसी करून. बनावट कागदांवर सिम विकणारा विक्रेता दूरसंचार कंपनीने नेमलेला असतो. फोन करणारे कित्येकदा कंबोडिया-म्यानमारमधल्या कुंपणबंद आवारांत बसलेले असतात. बँकांना जाब विचारा, सिम विक्रेत्यांना वठणीवर आणा, सायबर पोलिस ठाण्यांना माणसे द्या. लुबाडल्या गेलेल्या माणसाच्याच फोनमध्ये घुसणे हा त्यातला सगळ्यात सोपा मार्ग आहे आणि तोच सरकारने निवडला.

हे पहिल्यांदा झालेले नाही. ‘आरोग्य सेतू’ हे करोनाकाळातले सरकारी ॲप एप्रिल २०२० मध्ये ऐच्छिक म्हणून आले आणि महिन्याभरात टाळेबंदीच्या आदेशाने सरकारी-खासगी कर्मचाऱ्यांना बंधनकारक झाले. नोएडात तर ते फोनमध्ये नसणे हा दंडनीय गुन्हा ठरवला गेला. नंतर तेही सैल करावे लागले. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने दिला. त्यावर बंधन घालायचे तर कायदा हवा, खरी गरज हवी आणि उपाय गरजेच्या प्रमाणात हवा, या कसोट्याही याच पुट्टस्वामी खटल्यातून मिळाल्या. ‘संचार साथी’चा आदेश यातली शेवटची कसोटी कशी पार करणार होता? डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याकडे बोट दाखवायचे तर त्याच कायद्याने सरकारला आपल्या यंत्रणा त्यातून वगळण्याची मुभा दिलेली आहे. नागरिकाच्या माहितीची राखण करणारा कायदा आणि त्यातून सरकारलाच सूट, अशा स्थितीत विश्वास ठेवा म्हणणे हा नागरिकावर अन्याय आहे.

रशियाने २०२१ मध्ये विक्रीच्या फोनवर देशी ॲप बसवणे बंधनकारक केले. सप्टेंबर २०२५ पासून तिथे ‘मॅक्स’ हे संदेशवहनाचे ॲपही प्रत्येक नव्या फोनमध्ये सक्तीचे झाले. युरोपीय संघाने याच्या उलट केले. तिथल्या डिजिटल मार्केट्स कायद्याच्या तरतुदी मार्च २०२४ पासून बड्या कंपन्यांना पाळाव्या लागतात आणि त्यानुसार फोनबरोबर आलेली ॲप वापरणाऱ्याला सहज काढून टाकता आली पाहिजेत. त्यामुळे ॲपलला युरोपात स्वतःचा सफारी ब्राउझर, अगदी ॲप स्टोअरसुद्धा काढून टाकण्याजोगे करावे लागले. करायचे ठरवले तर होते.

इथे कंपन्यांनाही मोकळे सोडता येणार नाही. स्वस्त फोनमध्ये जुगाराच्या कडेने जाणारे खेळ, कर्जाची ॲप, दुसरेच ॲप स्टोअर, लॉक स्क्रीनवर जाहिराती हे सगळे फोनबरोबर येते. फोन जितका स्वस्त, तितका हा कचरा जास्त. लाखाचा फोन घेणाऱ्याला जी स्वच्छता मिळते, ती दहा हजारांचा फोन घेणाऱ्याला नाकारली जाते, यात आम्हाला मोठा अन्याय दिसतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला तेव्हा, आधीपासून बसवलेली ॲप काढण्यापासून ग्राहकाला रोखू नये, असेही बजावले होते. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला. मात्र रद्द केलेल्या चार निर्देशांत हा निर्देशही होता. दंडाचा आकडा मथळ्यात राहिला आणि सामान्य माणसाच्या उपयोगाचे तेवढे गेले. आता गुगल अँड्रॉइडवर ओळख पडताळून न घेतलेल्या विकासकांची ॲप बसवू न देण्याच्या मार्गावर आहे. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये सुरुवात होणार आहे. काय काढायचे हे आपण ठरवायचे नाही, काय घालायचे हेही नाही. पैसे तेवढे आपण द्यायचे.

‘संचार साथी’चा आदेश ॲपल पाळणार नाही, अशी बातमी आली आणि काहींनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी आम्ही अस्वस्थ झालो. याच ॲपलने २०१७ मध्ये चीनच्या ॲप स्टोअरमधून व्हीपीएन ॲप हटवली आणि पुढच्या वर्षी तिथल्या ग्राहकांचा आयक्लाउडमधला मजकूर चिनी सरकारशी संबंधित कंपनीच्या हवाली केला. बाजार मोठा असला की कंपनीचे तत्त्व लवते. भारतीय नागरिकाचा हक्क कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या हिशेबावर टिकून राहावा, ही आपल्या लोकशाहीसाठी लाजिरवाणी गोष्ट आहे.

शिवाय २८ नोव्हेंबरलाच निघालेला दुसरा आदेश या माघारीनंतरही उभा राहिला. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल यांनी ९० दिवसांत अशी व्यवस्था करायची होती की, ज्या नंबरवर खाते आहे ते सिम त्याच फोनमध्ये नसेल तर ॲप चालणार नाही. संगणकावरचे वेब व्हॉट्सॲप दर सहा तासांनी आपोआप बंद व्हावे, असेही त्यात होते. गल्ल्यावर साध्या बटणांच्या फोनमध्ये दुकानाचे सिम ठेवून व्हॉट्सॲप टॅबवर चालवणारा व्यापारी, जर्मनीत शिकायला गेल्यावर तिथले सिम घालून जुन्याच नंबरवरून आईशी बोलणारी मुलगी, दिवसभर वेब व्हॉट्सॲपवर मजकूर घेणारा छापखाना, हे गुन्हेगार नाहीत. त्यांना कोणी विचारले? दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांत ऑक्टोबरमध्ये दुरुस्ती करून, मोबाइल नंबरवरून ग्राहक ओळखणारी जवळपास प्रत्येक सेवा दूरसंचार विभागाने आपल्या कक्षेत ओढली. संसदेत त्यावर किती चर्चा झाली? त्यातच, फोनमधली उपग्रहाधारित स्थाननिश्चिती कायम चालू ठेवण्याचा दूरसंचार कंपन्यांचा प्रस्ताव सरकारच्या विचाराधीन असल्याचे वृत्त रॉयटर्सने ५ डिसेंबरला दिले. एक ॲप मागे घेऊन दोन दिवस झाले नाहीत, तोवर ही बातमी.

म्हणून एका ॲपच्या माघारीवर समाधान मानता येत नाही. कायद्यात स्पष्ट लिहिले गेले पाहिजे की, फोन चालण्यासाठी जे तांत्रिकदृष्ट्या अपरिहार्य आहे ते सोडून बाकी प्रत्येक ॲप, मग ते सरकारचे असो, गुगलचे असो वा फोन बनवणाऱ्या कंपनीचे, मालकाला सेटिंग्जमधून पूर्णपणे काढता येईल. फोनविषयीचा कोणताही आदेश कंपन्यांना पाठवण्याआधी मसुदा म्हणून जाहीर होईल, त्यावर हरकती मागवल्या जातील. लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ खासदार बसतात. नागरिकाच्या फोनमध्ये त्याच्या संमतीशिवाय ॲप घालण्याचा अधिकार सध्याच्या नियमांनी आपल्याला दिला आहे, असे दूरसंचार विभाग आजही मानतो का, हा प्रश्न त्यांच्यापैकी एकाने तरी सभागृहात विचारावा आणि हो किंवा नाही असे लेखी उत्तर घ्यावे.