नंबर लावलाय, पण कितवा?

आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये एके काळी 'नंबर लागला' असे कुणी म्हटले, की त्याचा एकच अर्थ होत असे : स्कूटर आली! १९७२ साली बजाजची 'चेतक' बाजारात आली आणि पुढची बरीच वर्षे मध्यमवर्गीय घराचे कॅलेंडर तिच्या नंबरावर चालले. प्रतीक्षायादी काही काळ दहा वर्षांपर्यंत लांबली होती. मुलगी पाळण्यात असतानाच नंबर लावावा, म्हणजे जावयाला वेळेवर स्कूटर मिळेल, असे तेव्हा थट्टेने म्हणत. हुंड्याच्या यादीत तीच स्कूटर आली, की थट्टेतले हसू मात्र मावळून जाई.

स्कूटर बनत होती आकुर्डीला, म्हणजे आपल्याच वेशीत. तरी वाट आपणही पाहत होतो. गिऱ्हाईक होते, कामगार होते, कारखाना होता. अडत होते ते दिल्लीच्या परवान्यावर. किती माल काढायचा हे सरकार ठरवी. मग टंचाईच्या पोटी जे जन्माला यायचे ते आलेच. परदेशातल्या भावाने परकीय चलन पाठवले, तर रांग सोडून गाडी मिळे. ज्याचा नंबर लागे, तो कधी कधी गाडी दारातही न आणता 'वरचे' पैसे घेऊन ती दुसऱ्याला देऊन टाकी. १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांवरचे परवान्याचे जोखड निघाले आणि आम्हाला वाटले, रांगही गेली.

रांग गेली नाही, ती फोनमध्ये शिरली. मधल्या काळात बंद पडलेली 'चेतक' जानेवारी २०२० मध्ये विजेवर धावू लागली. पुणे आणि बेंगळुरूकरांना दोन हजार रुपये भरून ती नोंदवता येत होती. एप्रिल २०२१ मध्ये थांबलेले बुकिंग पुन्हा उघडले आणि ४८ तासांत बंद करावे लागले. पुढच्या वर्षी, ३० जुलैला सकाळी अकरा वाजता, आपल्या चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या 'स्कॉर्पिओ-एन'चे बुकिंग सुरू झाले. पहिल्या मिनिटात २५ हजार आणि अर्ध्या तासात एक लाख गाड्या नोंदल्या गेल्या. सुरुवातीची कमी किंमत पहिल्या २५ हजारांसाठीच होती. म्हणजे ती सवलत एका मिनिटात संपली!

तो दिवस शनिवार होता. आपल्या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते ती गुरुवारी. शनिवारी अकरा वाजता पहिल्या पाळीचा माणूस मशीनपाशी उभा असतो आणि त्याचा फोन पुष्कळ ठिकाणी लॉकरमध्ये असतो. ज्यांच्या हातून गाडीचे सुटे भाग तयार होतात, त्यांनाच या शर्यतीत धावता येत नाही. जुन्या रांगेत वशिला लागे, हे खरेच. पण ज्याचे बोट चपळ आणि इंटरनेट वेगवान, त्याचा नंबर आधी, हा काही न्याय नव्हे.

कंपन्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. २०२१ साली जगभर चिपचा तुटवडा पडला, तो कुणी मुद्दाम पाडला नव्हता. नव्या मालाला किती मागणी येईल, हे आधी कळले तर कच्चा माल मागवता येतो, पाळ्या लावता येतात. माझी तक्रार बुकिंगवर नाही. बुकिंग घेऊन गप्प बसण्यावर आहे.

मी बँकेत अधिकारी होतो, तेव्हा भोसरीचे लहान वर्कशॉपवाले कर्जासाठी येत. हातात बड्या कारखान्याचे 'शेड्यूल' असे. दरमहा इतके नग लागतील, या भरवशावर नवे मशीन घ्यायचे. एका उद्योजकाचे शेड्यूल वर्षाच्या आत निम्म्यावर आले. बँकेचा हप्ता मात्र पुराच राहिला. घरातले दागिने विकून त्याने तो फेडला. आज पैसे परत मिळतात म्हणून आपण एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी बुकिंग करून ठेवतो आणि आधी मिळेल ते घेऊन बाकीची रद्द करतो. आपल्याला तो फक्त फोनवरचा एक स्पर्श वाटतो. पण अशा फुगलेल्या आकड्यावर कुणी कर्ज काढले, तर तो आकडा ओसरल्यावर त्याने काय करावे?

कंपन्यांनी घ्यावयाच्या ठेवींविषयी २०१४ चे नियम आहेत. मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती झाली, तर ती ठेव धरली जात नाही. म्हणजे वर्षाहून जास्त दुसऱ्याचा पैसा वापरणे हे उसनवारीसारखेच आहे, हे कायद्यालाही ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला एवढेही कुणी सांगत नाही. एकेकाचे वीस हजार ही किरकोळ रक्कम. एक लाख माणसांचे मिळून ते दोनशे कोटी होतात. बिनव्याजी!

जपानच्या निकॉन कंपनीचे नवे कॅमेरे आणि लेन्स २०२१-२२ च्या सुमारास मागणीला पुरत नव्हते. तेव्हा तिने कोणता माल उशिरा मिळेल याची नावे देऊन जाहीर दिलगिरी व्यक्त केली. लेन्स त्यामुळे लवकर आली नाही, पण लग्नसराईचा हिशेब मांडून बसलेल्या फोटोग्राफरला आपली सोय तरी पाहता आली.

आपल्याकडेही एवढे व्हायला काय हरकत आहे? बुकिंगच्या पावतीवर प्रतीक्षायादीतला क्रमांक छापावा. दर महिन्याला तो कुठवर सरकला, ते कळवावे. सहा महिन्यांनंतर रकमेवर निदान बचत खात्याइतके व्याज द्यावे. आणि पहिल्या मिनिटाची शर्यत न लावता आठवडाभर नावे घेऊन सोडत काढावी, म्हणजे पाळीवरच्या माणसालाही संधी मिळेल.

येत्या दसऱ्याला-पाडव्याला आपल्यापैकी अनेक जण शोरूमची पायरी चढतील. पेढ्याचा बॉक्स आणि फोटोची हौस जरूर असावी. पण पैसे भरण्यापूर्वी काउंटरवर तीन गोष्टी विचारा आणि लेखी मागा : माझा नंबर कितवा, गाडी कोणत्या महिन्यात, आणि किंमत आजची की ताबा मिळेल त्या दिवशीची? उत्तर मिळाले नाही, तर खिशातला हात खिशातच राहू द्या. घरची जुनी गाडी आणखी एक पावसाळा काढील.