गणिताच्या पेपरात मराठीची परीक्षा

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

आणखी एक पायाभूत चाचणी पार पडली. गठ्ठे वेळेवर आले, पेपर वेळेवर झाले, गुणही चॅटबॉटवर वेळेवर भरून झाले. नियोजनात कुठेही कसूर नाही, त्याबद्दल अभिनंदन. एक किरकोळ बाब तेवढी राहून गेली. मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत ज्या मुलांनी हे पेपर सोडवले, त्यांतल्या कित्येकांना प्रश्न काय विचारला आहे हेच कळले नव्हते.

मेळघाटातल्या कोरकू मुलांची पार्श्वभूमी आपल्याला नव्याने सांगत नाही. ती सरकारी अहवालांत असतेच, कुपोषणाच्या पानानंतर कुठेतरी. आम्ही शिक्षकांनी याबाबत वेळोवेळी निवेदने दिली. ती कोणत्या टेबलावर विसावली याची चौकशी करणार नाही. या पत्राखाली नावही घालत नाही. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांचे वर्तणूक नियम १९६७ पासून लागू आहेत आणि ते मात्र सर्वांच्या चांगले लक्षात आहेत.

तिसरी-चौथीच्या गणितातला एक नेहमीचा नमुना घ्या. ‘अनिताकडे सुनीतापेक्षा १४ रुपये कमी आहेत. सुनीताकडे ४० रुपये असतील, तर अनिताकडे किती?’ मूल चौदा बघते, चाळीस बघते आणि दोन्हींची बेरीज करून मोकळे होते. चोपन्न. गुण शून्य. शेरा: ‘वजाबाकीची संकल्पना अस्पष्ट.’ हेच मूल आईबरोबर मोहफुले नाहीतर चारोळी घेऊन आठवडी बाजारात बसते आणि पन्नासच्या नोटेतून किती परत द्यायचे हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. तोच प्रश्न मी कोरकूत विचारतो तेव्हा मान वर न करता ‘सव्वीस’ सांगून ते खेळायला पळते. पण ते सव्वीस उत्तरपत्रिकेत नाहीत, म्हणून डॅशबोर्डवर नाहीत, म्हणून महाराष्ट्रात नाहीत.

कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली भाषा, संथाळी आणि मुंडारी या तिच्या नातलग. मराठीतली तीन लिंगे तिच्यात नाहीत. तिथे भेद आहे तो सजीव-निर्जीवाचा. द्विवचन मात्र तिच्यात आहे आणि ते मराठीत नाही. लिंगांच्या या फरकामुळे आमचे मूल ‘आई बाजारात गेला’ असे लिहिते. भाषेच्या पेपरात त्याचे गुण कापा, तक्रार नाही. पण परिसर अभ्यासाच्या पेपरात, कोणते पीक कोणत्या महिन्यात पेरतात हे बरोबर लिहूनही ‘वाक्य अशुद्ध’ म्हणून अर्धा गुण जातो, तेव्हा आपण नेमके काय मोजत आहोत? वर त्या मुलाच्या भाषेच्या पेपरावर छापलेले असते ‘प्रथम भाषा : मराठी’.

आता थोडे कायद्याचे, कारण पत्रात कायदा असला की ते वाचले जाते असा अनुभव आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा, असे सांगणारे संविधानातले कलम ३५० क हे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याचे कलम २९ शक्य तिथवर मातृभाषेचे माध्यम मागते आणि त्याच कलमात मुलाचे आकलन व ते वापरण्याची क्षमता यांचे सर्वंकष, सातत्यपूर्ण मूल्यमापन करा असेही म्हटले आहे. आकलनाचे मूल्यमापन; लिंग-वचनाचे नव्हे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालचे, तेही किमान पाचवीपर्यंत घरची भाषा म्हणते. जनगणना २०११ ची: कोरकू बोलणारे ७ लाख २७ हजार, गोंडी बोलणारे २९ लाखांवर, भिली गटातल्या भाषा बोलणारे १ कोटीवर. हे सगळे महाराष्ट्रात नाहीत हे मान्य, पण मेळघाट, गडचिरोली आणि नंदुरबार महाराष्ट्रातच आहेत. बालभारती पाठ्यपुस्तके ८ भाषांत काढते: मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी. सिंधी मुलाला त्याचे पुस्तक मिळते याचा आनंदच आहे. या आठांत एकही आदिवासी भाषा नाही. एनसीईआरटीने २०२२ मध्ये तिसरीच्या मुलांची पायाभूत पाहणी केली ती २० भाषांत, आणि त्यांत गारो होती, मिझो होती, खासी होती. खासी ही कोरकूची ऑस्ट्रोआशियाई कुळातली दूरची बहीण. ईशान्येकडच्या मुलाला त्याच्या भाषेत विचारता येते. इकडच्याला विचारायला काय हरकत होती?

माहिती नव्हती, असेही म्हणता येणार नाही. शाळांची माहिती गोळा करणाऱ्या यूडायसच्या अर्जात प्रत्येक मुलामागे मातृभाषेचा रकाना आहे. तो आम्हीच भरतो. रिकामा राहिला तर दुपारपर्यंत फोन येतो. भरलेल्या रकान्याचे पुढे काय होते, त्याबद्दल आजवर एकही फोन आलेला नाही.

गेल्या वर्ष-दीड वर्षातली गोष्ट आठवते का? १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषांचा भार म्हणून अवघा महाराष्ट्र उठला. साहित्यिक उठले, पक्ष उठले, दोघे ठाकरे बंधू एकत्र मोर्चा काढायला तयार झाले. २९ जूनला निर्णय मागे घेतला गेला. योग्यच झाले. त्या सगळ्या गदारोळात माझ्या पहिलीच्या वर्गाचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. घरी कोरकू, बाजारात हिंदी, शाळेत मराठी आणि २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी. चार भाषांत वावरणारे सहा वर्षांचे मूल मुंबईच्या एखाद्या शाळेत असते तर त्याच्या आईने सोसायटीभर पेढे वाटले असते. आमच्याकडे त्याच्या नोंदीत ‘भाषा : अप्रगत’ असे येते.

याच राज्यात २०१९ मध्ये ‘त्रेसष्ट’ऐवजी ‘साठ तीन’ असे वाचायला शिकवावे का यावर विधिमंडळापर्यंत वाद झाला होता. मंगला नारळीकरांच्या समितीचे म्हणणे साधे होते की जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामे लहान मुलांना अडतात. निर्णय पटो न पटो, भाषेमुळे गणित अडते हे राज्याने तेव्हा कागदावर मान्य केले होते. मराठी मुलापुरते.

पूर्वी या सगळ्याची झळ कमी बसायची, कारण मूल वर्ग चढत राहायचे. २०१९ मध्ये केंद्राने शिक्षण हक्क कायदा बदलला, २०२३ मध्ये राज्याने नियम बदलले. आता पाचवीला वार्षिक परीक्षा आहे, ३५ टक्क्यांची अट आहे, नापास झाल्यास पुनर्परीक्षा आहे आणि तीतही राहिल्यास त्याच वर्गात बसणे आहे. म्हणजे अनितासुनीताच्या वाक्यात अडलेल्या मुलाचे एक वर्ष जाणार. दहा-अकरा वर्षांच्या मुलीचे असे एक वर्ष गेले की पाड्यावर पुढचा निर्णय घ्यायला पालकांना समिती लागत नाही.

असे दुसरीकडेही घडले आहे. कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांना इंग्रजीतल्या बुद्धिमापन चाचणीवरून मतिमंदांच्या वर्गात घातले होते. स्पॅनिशमध्ये पुन्हा तपासल्यावर त्यांतल्या बहुतेकांचे गुण त्या रेषेच्या वर निघाले आणि १९७० मध्ये डायना खटल्यातल्या तडजोडीने राज्याला मुलांची चाचणी त्यांच्या भाषेत घेणे मान्य करावे लागले. अमेरिका दूर वाटत असेल तर ओडिशा घ्या. तिथे २००६-०७ मध्ये १० आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू झाले, पुढे त्या २१ झाल्या. महाराष्ट्रात काय झाले? गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर २०२२ मध्ये तिला अनधिकृत ठरवले गेले आणि ग्रामसभेला उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. विनामान्यता शाळेला कायद्यात एक लाखापर्यंत दंड आहे आणि ती चालू ठेवली तर रोज दहा हजार. मातृभाषेबद्दलच्या कलमात ‘शक्य तिथवर’ आहे. दंडाच्या कलमात ‘शक्य तिथवर’ नाही.

आणि ही चाचणी चुकते ती एकाच बाजूला नव्हे. निपुण भारत अभियानाच्या निकषात दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचायचे, तिसरीच्या मुलाने किमान ६०. आमची मुले हुशार आहेत. अक्षरे ओळखून, कान्यामात्र्यासकट, घड्याळ बघत खडाखडा साठ शब्द म्हणून दाखवतात. पाहणीला आलेले साहेब टाळ्या वाजवून गाडीत बसतात. धड्यात कोण कुठे गेले, हे साहेब गेल्यावर विचारून पाहा. आकलन तपासण्याचे निकषात लिहिले आहे, पण दौऱ्याला वेळ कमी असतो. अर्थात, ज्याला गणित येते ते मूल नापास आणि ज्याला धडा कळला नाही ते निपुण. या आकड्यांवरून जिल्ह्यांची क्रमवारी लागते आणि शेवटी आलेल्यांकडून खुलासे मागितले जातात.

उत्तरे काय येतात ती आम्हाला पाठ आहेत. ‘मुलांना मराठी यायला नको का?’ यायलाच हवी. मी आयुष्यभर तेच शिकवत आलो आहे. ती दुसरी भाषा म्हणून शिकवा आणि दुसरी भाषा म्हणून तपासा. ‘कोरकूला लिपी कुठे आहे?’ देवनागरीत ती सहज लिहिता येते, आणि तोंडी प्रश्नाला लिपी लागत नाही. ‘कोरकू जाणणारे शिक्षक कुठून आणायचे?’ चाचणीच्या दिवशी प्रश्न कोरकूत सांगायला शिक्षकच हवा असे नाही. अंगणवाडीताई त्याच गावातली असते, बारावी झालेली मुले गावात बसून आहेत.

मागणी फार मोठी नाही. पाचवीपर्यंत गणित आणि परिसर अभ्यासाचे प्रश्न मुलाच्या भाषेत वाचून दाखवण्याची आणि उत्तर त्याच भाषेत तोंडी घेण्याची लेखी परवानगी द्या. आज आम्ही ते केले तर तो गैरप्रकार ठरतो. मातृभाषेचा रकाना गुणांच्या तक्त्याशी जोडा आणि निकाल भाषेनुसार जाहीर करा, मग कोरकू, माडिया, पावरी मुले कुठे अडतात ते दिसेल. आणि केवळ मराठी पेपरावरून कोणत्याही आदिवासी मुलाला पाचवीत मागे ठेवू नये, तोंडी फेरतपासणी आधी व्हावी. यांतल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही, नवा चॅटबॉटही नाही.

पुढच्या संकलित चाचणीच्या सूचना निघण्याआधी एवढेच कळवावे: परवानगी देता, की नाही? ‘आपला अर्ज संबंधित शाखेकडे अग्रेषित करण्यात आला आहे’ हे उत्तर आमच्याकडे आधीच पुरेशा प्रतींत आहे.

आपला,
मेळघाटातील एक प्राथमिक शिक्षक