टेकू कोण लावणार?

मेकॅनिकलच्या पोरांना पास्कलचा नियम झोपेतही सांगता येतो. पण साइटवर डंपरचा हौदा उचलत नाही म्हटलं, की आधी कुठे बघायचं? माझ्या मते हा प्रश्न व्हायवात यायलाच हवा.

उत्तर तसं सोपं. पीटीओ, म्हणजे गिअरबॉक्सवरून पंप फिरवणारी जोडणी, लागलीय का? टाकीत तेल किती? ते फेसाळलंय का? सक्शनची जाळी तुंबलीय का? साइटवर मात्र पुष्कळदा पहिला पाना लागतो तो रिलीफ व्हॉल्व्हला. "अजून एक आटा आवळ, उचलेल!" अहो, तो व्हॉल्व्ह जास्तीचा दाब टाकीकडे सोडण्यासाठीच आहे. तो आवळला की सगळा ताण होज आणि सीलवर. गाडीत ओला मुरूम शिगोशीग भरलाय, हे कुणी बोलतच नाही.

खरी भीती पुढेच आहे. हौदा वर, फिटर खाली, अन् आधार कशाचा? तर जॅकमधल्या तेलाचा! होज फुटली किंवा कुणी चुकून लिव्हर ढकलला, तर बाहेर यायला वेळच मिळत नाही. म्हणून गाडी रिकामी, जागा सपाट, आणि लोखंडी टेकू लावूनच खाली जायचं. पुष्कळ गाड्यांना तो मुळातच दिलेला असतो. पण गंजून चिकटलेला!

"लवकर आटप" म्हणून फिटरच्या मागे लागणारा साइट इंजिनिअर उद्या आपल्यातलाच असणार. तेव्हा वर्कशॉपमध्ये फायलिंगचा एखादा जॉब कमी करा (फिटिंगच्या सरांची क्षमा मागून), पण भंगारातला का होईना, एक टिपर आणून उभा करा.